कोथरूडमधली वाणसामानाची फेरी, २८ मार्च २०२०

शनिवारी सकाळी पावणेसातला घर सोडलं आणि परत यायला साडेअकरा वाजले. अंतर म्हणाल तर जाऊन-येऊन तीन किलोमीटरसुद्धा नाही. कोरोनामुळे संचारबंदी लागल्यापासूनची माझी ही पहिलीच फेरी. आमच्या इमारतीत दोन घरांत सत्तरीपुढची माणसं एकटी राहतात, त्यांच्याही याद्या बरोबर होत्या. येत्या दोन-चार दिवसांत कुणाला निघायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लगेच लिहितो आहे.

दुचाकी काढू नका, चालतच जा. चौकात हवालदारांनी थांबवलं, पण हातातल्या पिशव्या आणि यादी दाखवल्यावर "लवकर उरका" एवढंच म्हणाले. एका घरातून एकानेच जावं.

मोठ्या दुकानाबाहेर शंभराच्या वर माणसं उभी होती. आतून येणारे सांगत होते की आट्याची पाकिटं, मॅगी, बिस्किटं, सगळं संपलंय. तिथे वेळ न घालवता मी नेहमीच्या वाण्याकडे वळलो. त्यांनी दाराला आडवी दोरी बांधली आहे आणि रस्त्यावर चुन्याची वर्तुळं काढली आहेत. माझ्यापुढे सोळा वर्तुळं होती. त्यातल्या एकात नुसतीच एक निळी पिशवी ठेवलेली. तिच्या मालकीणबाई पलीकडे ओट्यावर गुडघा चोळत बसल्या होत्या. रांग पुढे सरकली की मागचा मुलगा ती पिशवी उचलून पुढच्या वर्तुळात ठेवायचा. दीड तासात त्या पिशवीची जागा कुणीही घेतली नाही. मला फार बरं वाटलं.

तूरडाळ माणशी एक किलो, तेलाची एकच पिशवी, रवा नाही. वाणीकाका म्हणाले, माल मार्केट यार्डात आहे, पण उतरवायला हमाल नाहीत आणि आणायला टेम्पो नाही. २४ तारखेला रात्री २१ दिवसांच्या लॉकडाऊनची घोषणा झाली आणि तासाभरात त्यांचं अर्धं दुकान रिकामं झालं. तेव्हा ज्यांनी पाच-पाच किलो डाळ नेली, त्यांनी शेजाऱ्यांना विचारावं, अगदी कळकळीने सांगतो.

यादीत प्रत्येक जिनसापुढे पर्याय लिहा. तूर नसेल तर मूग की मसूर, रवा नसेल तर दलिया चालेल का. आजींच्या यादीत मी हे विचारून घेतलं नव्हतं. त्यांना मधुमेह आहे, म्हणून रांग अडवून फोन करावा लागला. सुटे पैसेही न्या.

आटा नसला तरी गहू भरपूर आहे. मी दहा किलो लोकवन घेतला आणि गिरणीत गेलो. गिरणी चालू आहे, फक्त गर्दी नको म्हणून डबा ठेवून जायचं आणि सांगितलेल्या वेळी यायचं. डब्यावर नाव, मजला आणि 'बारीक' की 'मध्यम' हे लिहून चिकटवा. स्टीलचे सगळे डबे सारखेच दिसतात. ज्वारी-बाजरी दळायची असेल तर त्यांची वेळ आधी विचारा, कारण ते गव्हाचं दळण आधी काढतात. पीठ गरम असताना झाकण घट्ट लावू नका, आत घाम धरतो आणि पीठ बिघडतं. पहिल्यांदाच दळून आणणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. आणि पाठीवर दहा किलोच्या वर घेऊ नका, मला परतताना तीनदा थांबावं लागलं.

भाजीसाठी मंडईपर्यंत जायची गरज नाही. जुन्नरकडचे काही शेतकरी टेम्पोने सोसायट्यांच्या दाराशी येत आहेत. त्यांचाही माल शेतात पडून आहे, तेव्हा घासाघीस करू नका. भाजी नुसत्या पाण्याने धुवा, साबण लावू नका.

घरकामाच्या मावशींना फोन करून दोन गोष्टी सांगा. रेशनवर तीन महिने माणशी ५ किलो धान्य जास्तीचं, फुकट मिळेल असं केंद्राने २६ तारखेला जाहीर केलंय, तेव्हा कार्ड शोधून ठेवा. आणि शिवभोजन थाळी आता १० ऐवजी ५ रुपयांना आहे. पगार तर द्यायचाच.

माझी पुढची फेरी गुरुवारी. आमच्या इमारतीतल्यांनी बुधवारी रात्रीपर्यंत यादी दाराच्या कडीला अडकवावी, पर्यायांसकट.