नकाराचे कारण

आमच्या नेत्रपेढीच्या रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना असतो, 'नकाराचे कारण'. त्यात पानोपानी दिसतं: 'कर्मठ कुटुंब', 'जुन्या वळणाचे', 'सनातनी'. गेल्या आठवड्यापासून मला यातलं काही लिहवत नाही.

नौपाड्यातून पहाटे फोन आला. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काम व्हावं लागतं, म्हणून फोनवरच सांगितलं: पंखा बंद करा, डोळे मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोकं उशीवर घ्या. पोचले तेव्हा सगळं तंतोतंत केलेलं होतं. आजोबांच्या मुखात तुळशीपत्र, आत सोवळं वाळत घातलेलं. नेत्रदानाचा अर्ज आजींनीच कपाटातून काढून दिला. त्यांनी एवढंच विचारलं, "आंघोळ आधी घालायची, की तुमचं झाल्यावर?"

मी खाली बसून सावकाश समजावलं. हल्ली अख्खा डोळा काढत नाहीत. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, भोवतीच्या पांढऱ्या कडेसह घेतात आणि जागेवर छोटी टोपी बसवतात. पापण्या मिटतात, चेहरा होता तसाच राहतो. तपासणीसाठी थोडं रक्त लागतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. सगळं मिळून अर्धा तास. आजी एकेका वाक्याला मान हलवत होत्या.

तेवढ्यात मुलगा आला. ऐरोलीला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. "मी यातलं काही मानत नाही," तो म्हणाला, "पण गावाहून काका निघालेत. बापाला धड जाऊ दिलं नाही, असं चार लोकांत ऐकवतील."

"अरे, त्यांनी शब्द दिलाय," आजी म्हणाल्या. तो खाली बघत राहिला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आता कर्ता तो. अग्नी तोच देणार."

अर्ज भरलेला असला तरी घरच्यांची लेखी संमती घ्यावीच लागते, आणि घरात दुमत असेल तर आम्ही हात लावत नाही. पेटी रिकामीच परत आणली.

आजी दिलेला शब्द पाळायला निघाल्या त्या रीतीनंच, आणि मुलापुढे मागे सरल्या त्याही रीतीनंच. मुलाला रीत नको, पण काकांची भीती सुटत नाही. या दोघांना एकाच नावाखाली कसं घालायचं? आमच्या लोकांना 'कर्मठ' लिहिणं सोयीचं पडतं, कारण मग कोण हो म्हणालं, कोण अडलं आणि आपण त्याच्याशी काय बोललो, हे लिहावं लागत नाही. मला याचा राग येतो. 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर, नेत्रदान पंधरवड्यात आम्ही अर्जांचे गठ्ठे जमवतो. ज्येष्ठ माणसं एकटीच येऊन सही करून जातात. ज्यांच्या होकारावर सगळं अडणार, ती मुलं तिथे नसतात.

मी रकान्यात लिहिलं, 'पत्नीची संमती. मुलाचा नकार, नातेवाइकांच्या धाकाने.' रकाना अपुरा पडला, उरलेलं समासात लिहिलं. आता कुणी अर्ज मागायला आलं की आधी मुलाला नाहीतर मुलीला फोन लावायला सांगते, आणि त्यांच्याशी बोलणं झाल्यावरच सही घेते.