चिंगीला घेऊन पुण्याला जाताना

आमची कुत्री चिंगी अवघ्या साडेपाच किलोंची आहे, तरी तिला घेऊन कोल्हापूरहून पुण्याला जायचे म्हटले की घरात दोन दिवस आधीपासून तयारी सुरू होते. रेल्वेच्या नियमानुसार कुत्र्याला सोबत न्यायचे तर प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यातील दोन शायिकांचा कूपे किंवा चार शायिकांची केबिन संपूर्ण आरक्षित करावी लागते. अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पिंजऱ्यात ठेवावे लागते. रात्रभर त्या खडखडाटात तिला एकटे ठेवण्याची कल्पनाही मला सहन होत नाही. एका खासगी बसवाल्याने तर तिकीट काढल्यानंतर ऐनवेळी आम्हाला खाली उतरवले, आणि ती पिशवीतून मान बाहेर काढून माझ्याकडे पाहत राहिली, ते मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून आता आम्ही स्वतःच्या गाडीनेच जातो. सुमारे २३० किलोमीटरचे अंतर. पण खंबाटकी घाटाची वळणे सुरू झाली की ती ओठ चाटू लागते, तोंडातून लाळ गळते, आणि उलटी होणार हे मला कळते. त्यामुळे निघण्यापूर्वी तीन-चार तास तिला खायला देत नाही, पाणी मात्र थोडे थोडे पाजतो. कुत्र्याचे शरीर मुख्यतः धापा टाकूनच थंड होत असल्याने, उन्हाळ्यात कऱ्हाडला चहासाठी थांबलो तरी आमच्यापैकी एकजण तिला घेऊन सावलीत उभा राहतो. बंद गाडीत तिला पाच मिनिटेही सोडत नाही. रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र तिच्या पिशवीच्या कप्प्यात कायम असते.