तुम्ही विचारलंत म्हणून : कास पठार बंदच का करत नाहीत?

लग्नाची पंगत असो, नाहीतर एसटीतला शेजारचा प्रवासी, मी काय काम करते हे कळले की माणसे हमखास एक प्रश्न विचारतात : "कासला एवढी गर्दी होते, फुले तुडवली जातात, मग पठार सरळ बंदच का करत नाहीत?" विचारणाऱ्याचा कळवळा खरा असतो, आणि बहुतेक वेळा तो स्वतः नुकताच तिथे जाऊन आलेला असतो. राखीव जंगले, तिथले पर्यटन आणि त्यातून घडणारे किंवा न घडणारे पर्यावरण शिक्षण हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. म्हणजे मी फुलांपेक्षा फुले पाहायला आलेल्या माणसांचाच अधिक अभ्यास करते. तरीही या प्रश्नाला उभ्याउभ्या उत्तर देणे मला कधी साधले नाही, म्हणून ते आज लिहून देत आहे.

साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर हे जांभ्या खडकाचे पठार आहे. खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की मोठे झाड तिथे मूळ धरू शकत नाही. पावसाळ्यात पाणी साचून राहते आणि उन्हाळ्यात तोच कातळ तव्यासारखा तापतो. अशा जागी जगायचे तर लहान राहावे लागते आणि चार महिन्यांत उगवून, फुलून, बी धरून पुन्हा कंदात किंवा बियांत दडून बसावे लागते. गेंद, तेरडा, सोनकी, सीतेची आसवं ही सारी मंडळी याच शिस्तीतली. आपल्या जिल्ह्याचे नाव शास्त्रीय नावात मिरवणारा वायतुरा, म्हणजे अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस, इथल्याच साचलेल्या पाण्यात उगवतो. नवी जात म्हणून त्याची नोंद १९८२ मध्ये झाली. जुलै २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यानंतर गर्दी वाढली, हे वेगळे सांगायला नको.

आता 'बंद' या शब्दाकडे येते. पठार बंद करण्याचा एक प्रयोग होऊन गेलेला आहे, हे विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. गर्दी आवरण्यासाठी तिथे तारेचे कुंपण घातले गेले. त्याने माणसे अडली, पण गुरेही अडली. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांची जनावरे पिढ्यान्‌पिढ्या या सड्यावर चरत आली होती. ती येईनाशी झाल्यावर उंच गवत माजते आणि वीतभर उंचीच्या फुलझाडांना ऊन मिळत नाही, असे गावकरी सांगू लागले, आणि काही वनस्पती अभ्यासकांनीही त्यांना दुजोरा दिला. शेवटी ते कुंपण काढण्यात आले. फुले घटण्याचे सारे खापर कुंपणावर फोडावे असे मला वाटत नाही, कारण पावसाचा लहरीपणाही त्याच वर्षांत वाढलेला आहे. परंतु ज्याला आपण 'मूळ निसर्ग' म्हणतो त्यात गुराख्याचाही हात असतो, हे त्या तारेने आम्हा अभ्यासकांना जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही परिसंवादाने शिकवले नसते.

माणसांच्या वस्तीसाठी बंद केलेली जागा पाहायची तर आपल्या शेजारीच चांदोली आहे. कोयना आणि चांदोली ही दोन्ही अभयारण्ये १९८५ मधली. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. ते जंगल राखले गेले याचा मला आनंदच आहे. पण त्यासाठी गावेच्या गावे उठवली गेली, ही गोष्ट त्या आनंदाच्या शेजारी ठेवूनच मी सांगते. आज त्या जंगलात जी गवताळ कुरणे गव्याला आणि सांबराला उपयोगी पडतात, त्यांतली कितीतरी उठून गेलेल्या गावांची जुनी शेते आहेत, आणि तशीच सोडून दिली तर ती झुडपांनी भरून जातात. तिथेही कोणाला तरी हात चालवावाच लागतो.

सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरची कथा याच्या उलट आहे, आणि मला ती फार आवडते. देवराष्ट्रे गावाजवळचे हे डोंगर एके काळी उघडेबोडके होते. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून आणि लोकांच्या श्रमातून तिथे झाडे उभी राहिली, हरणे आणून सोडण्यात आली आणि १९८५ मध्ये १०.८७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. या जंगलाला कुंपण हवेच होते. पण भोवतालच्या माळावर पाणी खेळले, ऊस उभा राहिला, आणि आतली सांबरे-चितळे बाहेर पाहू लागली. हरणांनी पीक खाल्ले म्हणून कपाळाला हात लावून बसलेल्या शेतकऱ्यापुढे निसर्गप्रेमावर भाषण करण्याची माझी तरी छाती नाही. कासला कुंपण आत जाऊ पाहणाऱ्या गुरांच्या आड आले, सागरेश्वरला ते बाहेर पडू पाहणाऱ्या हरणांना पुरले नाही.

मग वाट्टेल तेवढी माणसे जाऊ द्यावीत काय? मुळीच नाही. एखादी जागा किती पर्यटक सोसू शकते याला आमच्या भाषेत धारणक्षमता म्हणतात. मिगेल सिफुएन्तेस या अभ्यासकाने १९९२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आधी जागेवर माणसे मावतील किती हे काढतात, मग पाऊस, उतार, नाजूक भाग यांची वजावट करतात, आणि शेवटी आपल्यापाशी राखणदार, वाटाड्ये, पायवाटा, स्वच्छतागृहे किती आहेत ते पाहून आकडा आणखी खाली आणतात. शेवटची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिथे मोजमाप फुलांचे होत नाही, आपल्या व्यवस्थेचे होते. कासला दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आली, हे चांगलेच झाले. परंतु रविवारी सकाळी दहा ते एकच्या दरम्यान सगळे एकदम पोचत असतील, तर दिवसाच्या मर्यादेने भागत नाही. ती तासाची हवी. कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांना हा हिशेब ठाऊक आहे : बामणोलीहून लाँचने जायचे, वनखात्याकडे नोंद करायची, सोबतच्या प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून द्यायच्या, तेवढ्याच परत आणायच्या आणि संध्याकाळच्या आत जंगल सोडायचे. पावसाळ्यात ती वाट बंदच असते. तिथे जाणारा माणूस कुरकुर करतो, पण बाटली परत आणतो.

आता मी गर्दीत उभी राहून करते काय, तेही सांगते. परतणाऱ्या पर्यटकांकडून प्रश्नावली भरून घेते. पहिल्या हंगामात मी एक बावळट प्रश्न घातला होता : "पठार पाहून निसर्गाविषयीची आपली जाणीव वाढली का?" सगळ्यांनी 'हो' वर खूण केली, आणि त्या कागदांचा मला काडीचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या वर्षी मी तो प्रश्न काढून "आज पाहिलेल्या एका वनस्पतीचे नाव लिहा" एवढेच विचारले. पुष्कळांनी ती ओळ कोरी सोडली. त्यांतल्या एका कुटुंबाने तर गेंदाच्या पांढऱ्या गालिच्याशेजारी उभे राहून "फुले कुठे आहेत?" असे मलाच विचारले होते, मोबाइलवर पाहिलेल्या रंगांच्या मानाने समोरचे पठार त्यांना फिके वाटत होते. ज्यांनी उत्तर लिहिले, त्यांतले बहुतेक जण गावातल्या एखाद्या वाटाड्याबरोबर फिरून आले होते.

अशाच एका फेरीत मीही मागे मागे चालत होते. वाटाडी मुलगी सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले दाखवून सांगत होती की ही वनस्पती मांसाहारी आहे, ओल्या मातीत तिच्या इवल्या पिशव्या असतात आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत त्या सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. गटातल्या एका आजींना ते मुळीच पटले नाही. "सीतामाईच्या डोळ्यातलं पाणी, अन् ते किडं खातंय व्हय गं?" मुलगी म्हणाली, "आज्जी, वनवासात दुसरं काय मिळणार खायला?" सगळे हसले. जांभ्यावरच्या या मातीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून ही वनस्पती ते किड्यांतून मिळवते, हे वर्गात समजावून सांगायला मला पाऊण तास लागतो.

पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आणि २००३ मध्ये पुन्हा बजावले. त्याप्रमाणे विषय आला, पुस्तके आली, जर्नलेही आली. एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत असताना मी तपासलेल्या एका जर्नलात कास तलावाच्या पाहणीखाली समुद्रकिनाऱ्यावरच्या कचऱ्याचे वर्णन होते. कुठून तरी उतरवून घेताना जागेचे नाव तेवढे बदलले होते. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने तलाव पाहिलाच नव्हता, आणि शहराच्या नळाला त्याच तलावाचे पाणी येते हेही त्याला कोणी सांगितले नव्हते. पठार बंद झाले तर अशा जर्नलांची संख्या वाढेल, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

तेव्हा माझे उत्तर असे आहे. पठार बंद करू नये. रविवारची सकाळ आवळावी, रस्त्याकडेला गाड्या लावणे बंद करावे, ताटव्यात बसून फोटो काढणे बंद करावे, आणि प्रवेशाच्या पैशातून वाटाड्यांना हंगाम संपल्यावरही काम मिळेल अशी सोय करावी. गुरांना कुठे आणि केव्हा चरू द्यायचे हे त्या गावांना बरोबर घेऊन ठरवावे. तुम्ही येणार असाल तर मधल्या वारी या, छत्रीऐवजी रेनकोट आणा म्हणजे वाकून पाहायला हात मोकळे राहतील, आणि वाटाड्याला घेतल्याशिवाय फिरू नका. परतताना दाराशी मी कागद घेऊन उभी असेन. यंदा वनस्पतीच्या नावाखाली आणखी एक ओळ घातली आहे : "हे नाव आपल्याला कोणी सांगितले?"