तुम्ही विचारलंत म्हणून: दह्याचा लेप चुरचुरतो का?

‘घरचं म्हशीचं दही चेहऱ्याला लावतो, तरी तोंड चुरचुरतं. चुकतंय कुठं?’ हा प्रश्न वरचेवर येतो. दही बहुधा जुनं असतं, नाहीतर त्यात लिंबू पिळलेलं असतं.

लेपात मुख्य काम करतं ते लॅक्टिक आम्ल. ते मृत पेशींची पकड सैल करतं, म्हणून कातडी मऊ लागते. ताज्या दह्यात ते साधारण पाऊण ते एक टक्का असतं. दही बाहेर राहिलं की जिवाणू काम चालूच ठेवतात आणि आंबटपणा चढतो. म्हणून लेपाचं दही फार तर दोन दिवसांचं, जिभेवर जेमतेम आंबट लागेल असं हवं. त्याहून जुनं झालं की कढीत घाला. वरून लिंबू घातलं की लेप त्वचेला झेपेल त्यापेक्षा आंबट होतो. खायचा सोडा तर अजिबात नको. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, सोडा तिला उलट्या बाजूला ओढतो.

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून धारोष्ण दूध आणलंत तरी आधी चांगली उकळी आणा. अर्धा लिटर दूध ४० ते ४२ अंशांवर येऊ द्या, म्हणजे बोट बुडवून दहा आकडे सहज मोजता येतील इतकं कोमट. त्यात एक छोटा चमचा विरजण. एप्रिलात पाच-सहा तासांत लागतं. डिसेंबरात नऊ-दहा तास आणि भांड्याभोवती टॉवेल. लागलं की लगेच फ्रीजमध्ये.

आपल्याकडच्या दह्यावर सायीचा जाड थर येतो. चेहरा तेलकट असेल तर तो बाजूला काढा. टाकू नका, टाचांना लागेल. दोन मोठे चमचे दही मलमलीच्या फडक्यात अर्धा तास टांगा. निथळलं की लेप ओघळून डोळ्यांत जात नाही. त्यात मसूरडाळीचं वस्त्रगाळ पीठ एक छोटा चमचा. जाडसर बेसन नको, चोळताना ओरखडे उठतात. हळद चिमूटभरच, जास्त झाली तर दोन दिवस चेहरा पिवळा. (हळदीला लग्नघरी कुणी हसत नाही, एरवी विचारतात.)

पातळ थर, आठ ते दहा मिनिटं. ‘वाळेपर्यंत ठेवा’ हा सल्ला सगळ्यात घातक. पाणी उडतं, आम्ल उडत नाही. लेप वाळत जाईल तसं ते तीव्र होत जातं, वर पीठ कातडी ओढतं. ओला असतानाच कोमट पाण्यानं धुवा, साबण न लावता. चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. आठवड्यातून एकदा, रात्रीच. लॅक्टिक आम्लानंतर त्वचेला ऊन जास्त बाधतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सनस्क्रीन.

कोल्हापुरी चपलेत उघड्या राहणाऱ्या टाचांना तीच साय, अर्धा चमचा बारीक तांदळाचं पीठ आणि पंधरा मिनिटं. भेगेतून रक्त येत असेल तर काही लावू नका. दही जिवाणूंनी भरलेलंच असतं, उघड्या जखमेत त्यांचं काय काम?

तांदळाचं आंबवलेलं पाणीही बरेच जण विचारतात. अर्धी वाटी तांदूळ, दोन वाट्या उकळून गार केलेलं पाणी, उन्हाळ्यात बारा तास पुरे. गाळून फ्रीजमध्ये तीन दिवस. खरं सांगायचं तर खटाटोपाच्या मानानं फायदा थोडा.

दही असो की हे पाणी, गुलाबी, केशरी किंवा हिरवा डाग दिसला तर सगळंच टाका. वरचा भाग काढून चालत नाही, बुरशीचे धागे आत उतरलेले असतात. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून धुवा आणि दोन दिवस थांबा. दुधाची ॲलर्जी असेल त्यांनी हेही करू नये. गजकर्णावर मात्र दही चोळत बसू नका. ती बुरशी आहे, तिला डॉक्टरांचं औषधच लागतं.