तापट गाडी

रविवार, रात्र

पाऊस थांबायचं नाव नाही. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावरून गेलंय, बाहेर कुठं जायचा प्रश्नच नाही. म्हणून आज अखेर अ‍ॅम्बॅसॅडरच्या डॅशबोर्डला हात घातला. १९८३ ची मार्क फोर. आबा गुळाच्या अडतीत होते तेव्हा घेतलेली, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी थोरली.

या गाडीबद्दल आमच्या घरात दोन गोष्टी सगळ्यांना तोंडपाठ आहेत. एक, तिचा पेट्रोलचा काटा खोटारडा आहे. पाव टाकी असली तरी निम्मी दाखवतो. एकदा जोतिबाहून येताना निम्म्या टाकीच्या भरवशावर राहिलो आणि आबांना मोटरसायकलवाल्याच्या मागं बसून पेट्रोल आणायला जावं लागलं. तेव्हापासून आबा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहितात. ज्या दिवशी टाकी भरली त्या चौकोनात किलोमीटरचा आकडा. दुधाचा हिशोब, एकादशी, आणि मध्ये ४१,२७०. काट्याकडं ते बघतसुद्धा नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडी तापट आहे. पन्हाळ्याला जायचं तर डिकीत पाण्याचे दोन कॅन हवेतच. वाघबीळ ओलांडलं, चढ लागला की काटा लालकडं सरकायला लागायचा, आबा गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडायचे आणि आम्ही सगळे खाली उतरायचो. माझ्या लहानपणीचा पन्हाळा म्हणजे निम्मा त्या वळणावरचाच. या तापापायी रेडिएटर दोनदा खोलून झाला, वॉटर पंप बदलून झाला, आणि एका मिस्त्रीनं थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, काढून टाकला. "थंड मुलकातली चैन हाय ही, आपल्याकडं कशाला?" असं म्हणाला होता म्हणे.

आज डॅशबोर्डखाली पाठीवर पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यात आली. इतक्या वर्षांत त्या रेडिएटरमधून वाफ आलेली कुणी बघितलीय का? मी तरी नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, "वाफ कधी न्हाई बाबा. पण काटा वर जायचा की."

सोमवार

बॅटरीची तार आधी सोडवली. हे लिहून ठेवतो, कारण माझ्यासारखा घाई करणारा कुणी असेल तर: या गाडीत अँपिअर मीटरमधून स्टार्टर सोडून बहुतेक सगळा करंट जातो, आणि त्याच्या पाठीमागचे नट चावी बंद असतानाही जिवंत असतात. पाना तिथं टेकला तर घड्याळाच्या पट्ट्यासकट हात भाजतो.

मीटर बाहेर काढले. मोबाइलवर फोटो काढले, प्रत्येक तारेला कागदी पट्टी चिकटवली. कारखान्यातून निघताना तारांना रंगांची शिस्त असणार. आता चाळीस वर्षांत मिस्त्रींनी मिळून सगळ्या लाल केल्यात, आणि जोड काळ्या टेपचे.

दोन वर्षांपूर्वी मी टाकीतला सेंडर, म्हणजे पेट्रोल किती आहे ते काट्याला कळवणारा भाग, बदलला होता. आत फ्लोट असतो, त्याच्या दांड्याबरोबर एक पत्ती तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. टाकी भरलेली असली की अडथळा कमी, करंट जास्त. त्याआधी एकदा मिस्त्रीनंही तोच बदललेला. दोन्ही वेळा काटा तसाच. आज मल्टिमीटर लावला तर सेंडर निर्दोष. दांडा हातानं वर-खाली केला तसा आकडा कुठंही न अडखळता बदलत गेला.

मग पेट्रोलच्या मीटरच्या पाठीमागं, जिथं वीज येते तिथं मोजलं. १२.३. तापमानाच्या मीटरमागंही १२.३. हा आकडा बरोबर की चूक, तेच मला कळेना. बारा व्होल्टची गाडी म्हटल्यावर बाराच येणार ना? बॅटरीचा जोड पुन्हा सोडवला आणि झोपायला गेलो.

मंगळवार

दोन्ही मीटर पिशवीत घालून उद्यमनगरात गेलो. एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं, वय सत्तरच्या पुढं, दुकानाचं छत गळतंय आणि खाली घमेलं. आकडे सांगितले. त्यांनी मीटरकडं बघितलंसुद्धा नाही.

"दोन्ही काटं जास्त दाखवत्यात?"

"होय."

"एकाच वेळी?"

तेव्हा मी गप्प झालो. एकाच वेळी, हे आमच्या घरात कधी कुणी जोडून बघितलंच नव्हतं.

"मग टाकी कशाला खोलत बसलायसा? पाठीमागं एक पत्र्याची डबी असंल बगा. तिचं अर्थिंग गेलंय."

त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत. हे मीटर उष्णतेवर चालतात. आत दोन धातूंची एक पट्टी, तिच्यावर तापणारी बारीक तार गुंडाळलेली. करंट वाढला की पट्टी तापून वाकते आणि काटा ढकलते. म्हणून चावी फिरवल्यावर काटा आळस दिल्यासारखा सावकाश वर येतो. पण गाडीतली वीज कधी १२, कधी इंजिन चालू असताना १४ च्या घरात. तसं झालं तर काटा पेट्रोलऐवजी डायनॅमोचा मूड दाखवील. म्हणून मध्ये स्टॅबिलायझर असतो, तीच ती पत्र्याची डबी. त्याच्या आतही तशीच पट्टी आणि तिला जोडलेला एक पॉइंट. पट्टी तापते, पॉइंट उघडतो, थंड होते, परत मिटतो. सतत चालू-बंद, चालू-बंद, आणि सरासरी १० व्होल्ट.

गंमत अशी की त्या आतल्या पट्टीची तापणारी तार अर्थ घेते ती डबीच्या पत्र्यातून. पत्र्याचा स्क्रू गंजला की तार तापत नाही, पॉइंट उघडतच नाही, आणि पूर्ण वीज दोन्ही मीटरांना जाते. उष्णता व्होल्टच्या वर्गानं वाढते, म्हणजे १० ऐवजी १३.८ गेले की जवळजवळ १.९ पट. पाव टाकीची निम्मी का होते आणि ठणठणीत इंजिन तापलेलं का दिसतं, ते गणित मी रिक्षात बसून केलं.

घरी येऊन डबी शोधली. एका स्क्रूवर लटकलेली, आणि स्क्रूखाली गंजाची तपकिरी भाकरी. पॉलिश पेपरनं घासलं, पत्रा चमकेपर्यंत. नवा स्क्रू, दातेरी वॉशर. डबीतून निघणाऱ्या तारेला बारा व्होल्टचा छोटा दिवा लावला. आधी सरळ पेटला, मग थोड्या वेळानं मिचमिचायला लागला. डोळा मारल्यासारखा.

किती पैसे गेले त्या रेडिएटरवर.

मला राग आला तो त्या मिस्त्रींचा नाही, आमचाच. एकाच डबीतून दोन काट्यांना वीज जाते. त्यातला सुखाचं सांगणारा काटा आम्ही पहिल्याच फसवणुकीत खोटा ठरवला आणि भीती घालणाऱ्यावर चाळीस वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला. आबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "घाबरलेलं बरं असतंय."

गुरुवार

तापमानाचा सेंडर खरा बोलतो का ते बघायला तो काढून दुधाच्या पातेल्यात उकळला. आईचं पातेलं, त्यामुळं जे ऐकायचं ते ऐकलं. बाजूला थर्मामीटर. पाणी ९८ ला उकळलं. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर वर आहोत, कोल्हापुरात शंभर कधी होतच नाहीत. सेंडरचा अडथळा पाणी तापेल तसा कमी होत गेला. ठीक आहे तो.

आबा खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीजवळ थर्मामीटर ठेवत नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, गोळी वळते का बघतो, आणि काहिल उतरवा म्हणतो. तो पाक ११८ अंशांच्या आसपास असतो, चार-दोन अंशांनी इकडंतिकडं झाला तर गूळ बसत नाही. मग म्हणाले, "पर त्येला काटा दिला असता तर त्यो चुकला असता."

स्टॅबिलायझरचे पॉइंट मात्र जळके निघाले, मधूनच चिकटतात. डबीच्या पोटात ७८१० ही तीन पायांची आयसी बसवली, वरचं पत्र्याचं कवच जुनंच. ती कायम १० व्होल्ट देते, पण त्यासाठी आत निदान १२ लागतात. इंजिन बंद असताना बॅटरी किंचित उतरलेली असली तर काटा थोडा खाली राहतो. चालतंय. जुनं सामान मी फेकलेलं नाही. काडेपेटीत आहे.

नवा थर्मोस्टॅटही बसवला. त्याच्याशिवाय इंजिन सकाळी तापायलाच उशीर लावायचं आणि तेवढा वेळ पेट्रोल प्यायचं. म्हणजे तापट म्हणून बदनाम झालेली ही गाडी सगळी वर्षं हुडहुडत होती.

शुक्रवार

आज फक्त घोळ. काच काढलीच आहे तर तबकडी पुसून घेऊ म्हणून कापसाला स्पिरिट लावून फिरवला. अक्षरं छापलेली असतात, रंगवलेली नव्हे, हे मला तबकडीवरचा एच कापसावर आल्यावर कळलं. गरम दाखवणारा एच. ती तबकडी कोरड्या ब्रशनं झाडायची असते, बस्स. पेंटरकडून परत लिहून घ्यायचा का ते ठरलेलं नाही.

स्पीडोमीटरचा काटा थरथरतो त्याकडंही बघितलं. आत केबल फिरते, तिच्या टोकाला चुंबक, चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, तरी चुंबक वाटीला ओढतो आणि बारीक स्प्रिंग तिला मागं खेचते. कुणीतरी केबलला हात सैल सोडून ग्रीस लावलंय, ते चढत चढत वाटीपर्यंत पोचलंय. स्प्रिंग केसासारखी आहे, तिला हात लावायची माझी हिंमत नाही. पापाची तिकटीजवळ एक घड्याळवाला आहे, त्याला विचारलं. आधी तो हसला, मग भिंग डोळ्याला लावलं.

पण स्पीडोमीटर त्याच्याकडं म्हणजे किलोमीटर बंद, आणि किलोमीटर बंद म्हणजे कालनिर्णय बंद. आबांनी साफ सांगितलं, तो परत बसल्याशिवाय गाडी बाहेर निघायची नाही.

पुढच्या आठवड्यातला रविवार

पाणी उतरलं, केर्लीचा रस्ता मोकळा झाला. स्पीडोमीटर परवाच बसला, काटा आता शांत उभा राहतो. पन्हाळ्याला गेलो, आबा शेजारी. निघण्याआधी त्यांनी डिकीत पाण्याचे दोन कॅन ठेवलेच. मी काही बोललो नाही.

शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ. तापमानाचा काटा मधोमध आला आणि तिथंच बसला. चढ लागला, दुसरा गिअर, समोर एक ट्रॅक्टरही नेमका आलेला. काटा हलला नाही. ते जुनं वळण आलं. मी थांबलो नाही, पण आबांचा हात दाराच्या हँडलवर गेला होता.

वर पोचेपर्यंत त्यांनी तबकडीवरची नजर काढली नाही. मग पुढं वाकून बोटाच्या पेरानं काचेवर दोनदा टकटक केली.

"बिघडलाय व्हय रं ह्यो? वर जाईना."