सपाट माथ्याचे डोंगर

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी आपल्या गुरुजनांविषयी लिहा, असा निरोप होता. पण त्यांच्याविषयी बाकीचे भरभरून लिहितीलच. मला लिहायचंय ते यंदा स्नेहसंमेलनात मुलांनी मांडलेल्या चित्रांच्या प्रदर्शनाविषयी.

चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही. खटाव, खानापूर, आटपाडीकडची कितीतरी पोरं जशी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परमुलखात गेली, तसा मीही दहावीनंतर मामाच्या दुकानात तमिळनाडूत गेलो आणि तिकडचाच झालो. मुशीत सोनं वितळवायचं आणि त्याचा कस बघायचा, यातच जन्म गेला. त्यामुळं पिवळ्या रंगातल्या छटा तेवढ्या बारकाईनं ओळखतो. बाकी रंगांच्या बाबतीत आनंद आहे.

व्हरांड्यात सुतळ्या ताणून, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चित्रं अडकवली होती. आत बाकांवर मातीकाम, भेंडी-बटाट्याचे ठसे, काडेपेट्यांची घरं. बेंदराला केलेले मातीचे बैल अजून जपून ठेवले होते. एकाचं शिंग मोडलं होतं, तर पोरानं तिथं खराट्याची काडी खोचून बैल पुन्हा उभा केला होता. आइस्क्रीमच्या काड्यांच्या वस्तूंपाशी मी फार रेंगाळलो नाही. घरच्या कुणा मोठ्या माणसाचा हात त्यांना लागलाय, हे डिंकाच्या सफाईवरूनच कळतं.

आमच्या वेळी प्रदर्शन वगैरे काही नव्हतं. पाटीवर काढलेलं चित्र संध्याकाळपर्यंत थुंकीनं पुसलं जायचं. रंगीत खडूंना हात लावायचा मान फक्त गुरुजींचा, तोही पंधरा ऑगस्टला फळा सजवताना.

पहिली-दुसरीच्या चित्रांपुढं मी अडकलो. ती खालच्या सुतळीवर होती, म्हणजे माझ्या गुडघ्याशी. तिथंच जमिनीवर बसलो. एका मुलीनं घर काढलं होतं, पण त्याला समोरची भिंतच नव्हती. चूल, हंड्यांची उतरंड, कॉट, गोठ्यातली म्हैस, सगळं एकदम दिसत होतं. कॉटवर आजी. तिचे पाय घराबाहेर आलेले आणि डोकं छपराच्या वर. ती मुलगी जवळच घुटमळत होती. मी विचारलं, “आजी एवढी मोठी कशी गं?”

“मोठीच हाय ती.”

कोनाड्यात एक काळा चौकोन आणि त्यात एवढासा चेहरा होता. “आणि ह्यो कोण?”

“पप्पा. पुण्याला असत्यात. फोनात येत्यात.”

पाणी टँकरनं येतं, तर टँकरही होताच. एका पोरानं निळा टँकर एका कोपऱ्यात चेपून उरलेला सगळा कागद भांड्यांच्या रांगेला दिला होता. हंडे, कळश्या, प्लॅस्टिकच्या घागरी, रंगाचे रिकामे डबे. प्रत्येकाचा आकार वेगळा, रंग वेगळा. खरंच, रांगेत माणसं नसली तरी भांड्यावरून घर ओळखू येतं. “ह्यो आमचा,” त्यानं बोट ठेवून दाखवलं. त्यांचा हंडा अर्थातच पहिला होता. शेजारी पुसेगावच्या सेवागिरी महाराजांचा रथ. त्याला नोटांच्या माळा घालतात, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. या चित्रात रथ जवळजवळ नाहीच, नोटाच नोटा, आणि प्रत्येकीवर आकडा. दहाच्या फार, पाचशेची एकच. यात्रेचा हिशेब मला पटला.

पुढच्या खोलीत सहावी-सातवी. तिथं कागद मोठे, जलरंग, हातही बसलेला. पण दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य, तिथूनच निघालेली नदी, काठाला नारळ आणि लाल कौलांची झोपडी, हेच चित्र मी एकापाठोपाठ एक पाहिलं. बक्षीसही त्यातल्याच एकाला होतं. सांगायला संकोच वाटतो, पण खिडकीतून बाहेर बघा ना! आपल्या मुलखात असा त्रिकोणी डोंगर आहे कुठं? लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेला हा प्रदेश, त्यामुळं आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे, माथ्याला सपाट. नदी म्हणावी तर येरळा, तीही वर्षातले कितीतरी महिने कोरडी. नारळ फक्त देवळात फोडायला. दुसरीत ज्या पोराला आपल्या दारचा हंडा दिसतो, त्याला सातवीत दारचा डोंगर दिसेनासा कसा होतो? दोष मुलांचा नाही. ‘निसर्गचित्र’ म्हटलं की हेच काढायचं, हे त्यांना कुणीतरी मोठ्यांनीच पढवलेलं असतं.

गुरुजींनी आम्हांला आपल्या साताऱ्याकडच्या औंधला नेलं होतं, ते तिथं आठवलं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे. त्यांचं चित्रमय रामायण 1916 साली छापून निघालं, आणि यमाईच्या डोंगरावरचं त्यांचं संग्रहालय 1938 सालचं. घरोघरी छापील तसबिरीत बघितलेल्या रविवर्म्याच्या हातची खरी चित्रं तिथं आहेत. पण आम्ही पोरं हसलो ती एका दगडी बाईला. बाई आणि तिचं मूल, नाकडोळे धड नाहीत, सगळं कसं ओबडधोबड गोल. ते हेन्री मूर नावाच्या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं काम, हे मला फार उशिरा एका वर्तमानपत्रात वाचून कळलं. परवा त्या आजीच्या चित्रापुढं बसलो तेव्हा ती बाई डोळ्यांपुढं आली. ती तशी का घडवली असेल, हे मला आता कुठं थोडंसं कळतंय. आमच्यातल्या पहिलीच्या पोरांना त्या वेळी नेलं असतं तर ती हसली नसती, असं आपलं मला वाटतं.

निघताना मुख्याध्यापकांनी ऑफिसात चहाला बसवलं. अमृतमहोत्सवाच्या देणग्यांची यादी पुढं आली: संगणक, रंगरंगोटी, ध्वनिक्षेपक. मी म्हटलं, माझ्या नावापुढं चित्रकलेचे कागद आणि दर वर्षी औंधच्या सहलीची गाडी लिहा. ते खूश झाले. म्हणाले, “उत्तम. सातवीला नेतो.” मी म्हटलं, सातवीला न्याच, पण पहिली-दुसरीची पोरं आधी बसवा. त्यावर ते जरा घुटमळले. लहान पोरांना गाडी लागते म्हणाले, औंधचा घाट येईपर्यंत दोघंतिघं ओकतात, ड्रायव्हर कटकट करतो.

ओकू देत. गाडी धुवायचे पैसेही माझ्याच नावावर लिहा, म्हटलं.