वेरूळ-अजिंठ्यात छायाचित्रे काढताना: आधी ऊन पाहावे

सहलीला निघताना कोणता कॅमेरा घ्यावा, असे ओळखीचे लोक मला नेहमी विचारतात. कोणत्या वेळी कुठे उभे राहावे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. वेरूळ आणि अजिंठा या दोन ठिकाणी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असेल, तर पहिल्या प्रश्नाला फारसे महत्त्व उरत नाही, असे माझे मत आहे. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगरला उतरलेली बरीच कुटुंबे सकाळी नाश्ता उरकून निघतात, दहाच्या सुमारास वेरूळला पोहोचतात, सोळाव्या, म्हणजे कैलास लेण्यासमोर ओळीने उभी राहून फोटो काढतात आणि चेहरे काळवंडलेले का आले, याचा दोष मोबाइलला देतात.

मोबाइलचा त्यात काही दोष नसतो. वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिमेकडील कड्यात कोरलेली असल्यामुळे सकाळी सूर्य त्यांच्या पाठीमागे असतो. दर्शनी भाग सावलीत आणि वरचे आकाश लख्ख, अशा दृश्यात कोणत्याही कॅमेऱ्याला एक काहीतरी सोडून द्यावे लागते. म्हणून सकाळी कैलास लेण्याच्या समोर न थांबता बाजूच्या पायवाटेने डोंगरावर चढावे. तेथून सुमारे ३३ मीटर खोल खोदलेला खड्डा, त्यात मध्ये उभे राहिलेले शिखर, मंडपाच्या छतावरचे कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह, हे सारे पाठीमागून येणाऱ्या उन्हात स्वच्छ दिसते. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी हे मंदिर वरून खाली कोरत नेले, हे वाचून जेवढे कळते त्याहून अधिक या एका छायाचित्रातून कळते. मात्र कड्याच्या टोकाशी पाठ करून सेल्फी घेण्याचा मोह आवरावा, कारण पायाखालची जमीन उतरती आणि मुरमाड आहे.

समोरून घ्यायची छायाचित्रे दुपारी तीननंतरसाठी राखून ठेवावीत. तेव्हा ऊन तिरपे होऊन दर्शनी भागावर येते आणि कोरीव कामाच्या कडा उठून दिसतात. अंगणातला ध्वजस्तंभ किंवा पाषाणाचा हत्ती चौकटीत घेताना त्याच्या पायथ्याशी एखादी व्यक्ती असू द्यावी, कारण माणसाशिवाय त्यांच्या उंचीचा अंदाज येत नाही. कैलास पर्वत हलवणाऱ्या रावणाचे प्रसिद्ध शिल्प दक्षिण बाजूला, जोत्याच्या खोलगट भागात आहे. त्याच्यावर थेट ऊन पडण्याची वाट पाहू नये. समोरच्या कातळावरून परतून येणारा मऊ उजेडच तेथे उपयोगी पडतो. दहाव्या, म्हणजे विश्वकर्मा लेण्यात मात्र उतरत्या दुपारी अवश्य जावे. सज्जावरच्या गवाक्षातून पश्चिमेचे ऊन आत शिरते आणि छताच्या दगडी फासळ्यांवर उजेड चढतो.

दगडाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. हा काळा बेसाल्ट आहे आणि कॅमेऱ्याला काळ्या वस्तूची जात समजत नाही; चौकटीत काळे जास्त दिसले की तो उजेड वाढवतो आणि दगड राखाडी, फिकट येतो. मोबाइलच्या पडद्यावर शिल्पाला स्पर्श करून शेजारचे सूर्याचे चिन्ह थोडे खाली ओढले, किंवा कॅमेऱ्यात एक्स्पोजर एखाद्या पायरीने कमी केले, की दगडाला त्याचा मूळ काळेपणा परत मिळतो.

घरच्या माणसांचे फोटो भर उन्हात, डोळे बारीक करायला लावून काढण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्यापेक्षा कोणत्याही लेण्याच्या ओसरीत त्यांना उन्हाच्या रेषेपासून दोन पावले आत, बाहेरच्या बाजूला तोंड करून उभे करावे. स्टुडिओत पैसे मोजून मिळतो तसा उजेड तेथे फुकट मिळतो. आजीला पायरीवर बसवून नातवंडांशी बोलू द्यावे आणि त्या बोलण्यातच फोटो घ्यावा. ‘सगळे इकडे बघा’ असे ओरडल्यावर चेहऱ्यांवर येणारे हसू मला तरी फारसे आवडत नाही.

अजिंठ्याला नियम बदलतात. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर लेणी पसरलेली असल्यामुळे उन्हाची दिशा दर काही पावलांवर वेगळी होते, आणि समोरच्या टेकडीवरील ठिकाणाहून ते संपूर्ण वळण एका चौकटीत मावते. पावसाळ्यात या दृश्यात धबधब्याचीही भर पडते. खरी कसोटी आत आहे. चित्रांच्या रंगांना प्रखर उजेडाने इजा होते म्हणून फ्लॅशला बंदी आहे, आणि तिपाई (ट्रायपॉड) वापरायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत वाढवावा, शटर उघडे राहण्याचा वेळ १/१५ सेकंदाच्या आसपास ठेवावा, कोपरे बरगड्यांना टेकवावीत आणि श्वास सोडताना सलग तीन-चार फोटो घ्यावेत. त्यांतला एखादा हमखास स्थिर येतो. मोबाइलचा नाइट मोड वापरताना दोन-तीन सेकंद अजिबात हलू नये. आधारासाठी भिंतीला किंवा खांबाला टेकू नये, कारण अनेक खांबांवरही चित्रे आहेत.

शिवाय काही भागांत चित्रे चमकतात. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी जतनासाठी चित्रांवर लाखेचा थर दिला होता. तो पुढे पिवळसर पडला. अशा पृष्ठभागावर दिव्याचा डाग दिसू लागला, तर एक पाऊल बाजूला सरकून थोड्या तिरप्या कोनातून घ्यावे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर गर्दी असते आणि पूर्ण भिंत टिपण्याचा प्रयत्न सहसा फसतो. मी तेथे एक चेहरा किंवा कमळ धरलेला हात एवढेच निवडावे म्हणेन. उरलेले नुसते डोळ्यांनी पाहावे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून अनेक वर्षे येथे राहून या चित्रांच्या मोठ्या तैलप्रती केल्या आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. याच गिलने अजिंठ्यात कॅमेराही वापरला होता आणि त्याने घेतलेली छायाचित्रे आज पाहायला मिळतात, हे कॅमेरा हातात असलेल्या माणसाला थोडे सुखावते.

वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, त्यामुळे दोन दिवसांचा बेत आखताना वार आधी पाहावा. अजिंठ्याला स्वतःचे वाहन फर्दापूर फाट्याशी सोडून तेथील बस घ्यावी लागते, तो वेळही हिशेबात धरावा. आणि प्रत्येक लेण्यात शिरण्यापूर्वी त्याच्या क्रमांकाच्या पाटीचा एक फोटो घ्यावा. दोन्ही ठिकाणी मिळून साठाहून अधिक लेणी आहेत. पाटी नसेल तर पंधरा दिवसांनी कोणता विहार कोणता आणि कोणता खांब कुठला, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. फोटोंची निवड त्याच रात्री मुक्कामाच्या ठिकाणी करावी, म्हणजे काही राहून गेले असल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाता येते.